उभ्या गाडीचा अपराध

उभ्या असलेल्या गाडीवर दुसरी गाडी येऊन आदळली तर दोष कोणाचा, हा प्रश्न इतका सोपा वाटतो की त्यासाठी साप्ताहिकाचे पान खर्ची घालावे काय, असे कोणी विचारील. जे उभे होते ते हलले नाही. जे हलत होते त्याने धडक दिली. तेव्हा धडक देणारा दोषी. नाक्यावरचा पानवाला हाच निवाडा देईल, पोलीस ठाण्यातील हवालदारही हाच देईल, आणि पुष्कळ प्रकरणांत तो बरोबरही असेल. पण उरलेल्या प्रकरणांत माणसे मरतात. मेल्यानंतर त्यांच्या विधवांना व मुलांना याच सोप्या निवाड्याच्या आधारे अर्ध्या भरपाईवर किंवा रिकाम्या हाताने परत पाठवले जाते. म्हणून हा प्रश्न विम्याच्या दलालांवर सोपवून चालणार नाही. रस्ता ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर कोणी उभे राहावे, कोणी धावावे आणि कोणी चिरडले जावे, हा अखेर राजकीय प्रश्न आहे.

प्रथम साध्या नियमाला त्याचा मान देऊ. जो वाहन चालवतो त्याने समोर पाहून, आपल्या दिव्यांच्या प्रकाशात थांबता येईल इतक्याच वेगाने चालवले पाहिजे. स्थिर वस्तूवर गाडी आदळली, की चालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे फिर्यादीवर फारसे राहत नाही. १९६० साली नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एक मोटार वाटेत झाडावर आदळली व आतील प्रवासी मरण पावला. त्याच्या कुटुंबीयांचा दावा सतरा वर्षांनी, १९७७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. न्यायालयाने म्हटले की, येथे घटना स्वतःच बोलते. झाड चालत मोटारीपुढे आले नव्हते, तेव्हा आपली चूक नव्हती हे गाडीच्या बाजूनेच दाखवावे. कागदपत्र नसलेल्या, साक्षीदार नसलेल्या गरीब दावेदाराला या तत्त्वाचा मोठाच आधार आहे. दारू पिऊन रात्री दोन वाजता उभ्या रिक्षांच्या रांगेत मोटार घुसवणाऱ्या धनिकपुत्राच्या बाबतीत आम्ही दुसरा कोणताही तत्त्वविचार काढणार नाही. तेथे साधा नियम पुरेसा आहे, आणि तो कठोरपणे लावला जात नाही एवढीच आमची तक्रार आहे.

या नियमाचे मूळ मोटारगाडीहून जुने आहे, आणि ते सांगण्यासारखे आहे. १८४२ साली इंग्लंडमध्ये एका माणसाने आपल्या गाढवाचे पुढचे पाय बांधून त्याला सार्वजनिक रस्त्यावर चरायला सोडले होते. तीन घोडे जुंपलेला एक माल वाहणारा गाडा भरधाव आला आणि गाढव चिरडले गेले. गाड्याच्या मालकाचे म्हणणे असे की, गाढव मुळात रस्त्यावर असणेच बेकायदा होते, मग भरपाई कसली? न्यायाधीशांनी हे मानले नाही. गाढव चुकीच्या जागी असेलही. पण म्हणून त्याच्या अंगावरून गाडा नेण्याचा परवाना कोणाला मिळत नाही. तसे मानले तर रस्त्यावर ठेवलेल्या मालावरून, इतकेच नव्हे तर रस्त्यावर झोपलेल्या माणसावरून गाडी नेणेही समर्थनीय ठरेल, असे त्यांनी बजावले.

हे शेवटचे उदाहरण त्यांनी केवळ युक्तिवादापुरते घेतले असावे. मुंबईत ते युक्तिवादापुरते राहिलेले नाही. २००२ च्या सप्टेंबरात वांद्र्याला पदपथावर झोपलेल्या कामगारांवर मोटार चढली. एक जण ठार झाला, चौघे जखमी झाले. एका प्रसिद्ध चित्रपट अभिनेत्यावर खटला चालला. २०१५ च्या मे महिन्यात सत्र न्यायालयाने त्याला दोषी ठरवले आणि त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. खटल्याच्या निकालाची चर्चा येथे करायची नाही. सत्र न्यायालयाच्या निकालाच्या दिवशी एका नामवंत गायकाने जे जाहीरपणे म्हटले, ते मात्र लक्षात ठेवले पाहिजे. रस्त्यावर झोपाल तर कुत्र्याच्या मौतीने मराल, असा त्याचा आशय होता. १८४२ साली इंग्लंडमधल्या न्यायाधीशांनी एका गाढवाला जे संरक्षण दिले, ते एकविसाव्या शतकातील मुंबईचा एक सुखवस्तू नागरिक बेकरीच्या कामगाराला द्यायला तयार नव्हता. त्या कामगाराला पदपथावर का झोपावे लागते, याचा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच पदपथवासीयांच्या खटल्यात केला होता. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि ही माणसे कामाच्या जवळ राहण्यासाठी पदपथ पत्करतात, हे घटनापीठाने मान्य केले. मान्य करून झाल्यावर नोटीस देऊन त्यांना हटवण्याची मुभाही त्याच निकालाने दिली, हे विसरण्याचे कारण नाही.

आता नियमाची दुसरी बाजू. उभे असणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे. रात्रीच्या वेळी महामार्गाच्या मध्यावर, मागचा दिवा न लावता, लाल त्रिकोण न ठेवता उभा केलेला सोळा टनी ट्रक हा स्थिर असला तरी निरुपद्रवी नाही. अंधारात बांधलेल्या भिंतीसारखा तो असतो. समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रखर दिव्यांनी डोळे दिपलेल्या दुचाकीस्वाराला ती भिंत दिसते तेव्हा ब्रेक दाबायला अंतर उरलेले नसते. केंद्र सरकारच्या रस्ते अपघातांच्या वार्षिक अहवालात उभ्या वाहनाला दिलेली धडक हा अपघाताचा स्वतंत्र प्रकार म्हणून नोंदवला जातो. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली. त्यांत सुमारे ४५ टक्के दुचाकीवरची होती आणि जवळजवळ पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा होता. म्हणजे मरणाऱ्यांत बहुसंख्य असे, की ज्यांच्याभोवती पत्र्याचे कवचही नव्हते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२२ वे कलम दुसऱ्यांना धोका वा अडथळा होईल अशा रीतीने वाहन सोडून जाण्यास मनाई करते. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांनी, आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या नियमावलीने, कोठे गाडी उभी करू नये याची यादीच दिली आहे: पदपथावर, वळणाजवळ, चढाच्या माथ्यावर, पुलावर, बसथांब्याजवळ, उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीला लागून. वाचकांनी आपल्या गावच्या मुख्य रस्त्यावरून एक फेरी मारावी आणि या यादीतील कोणता प्रकार दिसला नाही ते आम्हांला कळवावे.

तरीही अशा अपघातांचे दावे न्यायाधिकरणासमोर येतात तेव्हा एक विचित्र सवय दिसते. मेलेल्यानेही नीट पाहायला हवे होते, असे म्हणून दोषाची निम्मी-निम्मी वाटणी करून टाकायची. याला कायद्याच्या भाषेत अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात. या वाटणीला पुरावा बहुधा लागत नाही. आदळला याचा अर्थच त्याने पाहिले नाही, असा तर्क असतो. विमा कंपनीचे निम्मे पैसे वाचतात आणि न्यायदानात समतोल साधल्याचे समाधानही मिळते. सर्वोच्च न्यायालयाने हे निदान दोनदा स्पष्टपणे मोडून काढले आहे. रस्त्याच्या मध्यावर दिव्याविना उभ्या असलेल्या गॅसच्या टँकरवर एक व्हॅन आदळली होती. उच्च न्यायालयाने निम्मा दोष व्हॅनच्या चालकावर टाकला होता. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो काढून टाकला व टँकरच पूर्णतः जबाबदार आहे हा न्यायाधिकरणाचा निष्कर्ष पुन्हा कायम केला. २०२४ मध्ये तर याहून पुढचे पाऊल टाकले गेले. महामार्गाच्या मध्यात कोणत्याही सूचनेविना सोडून दिलेल्या चौदा चाकी ट्रेलरवर मोटार आदळून माणसे मेली होती. खालच्या न्यायालयांनी मोटारीच्या चालकावर निम्मा दोष ठेवला होताच. शिवाय त्याच प्रमाणात गाडीतील प्रवाशांच्या वारसांचीही भरपाई कापली होती. मागच्या आसनावर बसलेल्या बाईचा वा मुलाचा यात काय दोष? चालकाची चूक असली तरी ती प्रवाशाच्या माथी मारता येत नाही, आणि या प्रकरणात चालकाचीही चूक सिद्ध झालेली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. असे दावे लढवणाऱ्या कार्यकर्त्यांनी व वकिलांनी हे दोन्ही निकाल हाताशी ठेवावेत. कारण जिल्ह्याच्या ठिकाणी निम्म्या वाटणीची सवय अजून गेलेली नाही.

इथवर आलो म्हणजे स्वाभाविकच ट्रकचालकाकडे बोट जाते. मध्यमवर्गीय वाचकाला ते सोयीचेही वाटते. आम्ही तेथे थांबणार नाही.

ट्रक रस्त्यात का उभा राहतो? कधी धुरा तुटतो, कधी टायर फुटतो. मालकाने चौथ्यांदा ठिगळ लावलेले टायर पाचव्यांदा फुटले तर त्यात चालकाचा काय अपराध? बिघडलेल्या ट्रकच्या मागे दगड लावायचे, झाडाच्या फांद्या टाकायच्या, ही आपल्याकडची जुनी रीत. लाल त्रिकोण घेऊन देण्यापेक्षा ती मालकाला स्वस्त पडते. गाडी दुरुस्त झाली की चालक निघून जातो आणि दगड मात्र तेथेच पुढच्या दुचाकीची वाट पाहत राहतात. पण बिघाडापेक्षाही साधे कारण म्हणजे झोप. चालकाला झोप येते आणि झोपायला जागा नसते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. जेथे कामगारांना रात्री मुक्काम करावा लागतो तेथे विश्रामकक्ष पुरवण्याची जबाबदारीही त्याने मालकावर टाकली होती. मात्र पाचापेक्षा कमी कामगार असलेल्या उपक्रमाला तो आपोआप लागू होत नसे, आणि एक-दोन ट्रकांचे मालक तर देशभर पसरलेले. जेथे लागू होता तेथेही विश्रामकक्ष पाहिलेला चालक आमच्या माहितीत नाही. हा कायदा पुढे २०२० साली संसदेने संमत केलेल्या कामगार संहितेत विरघळवून टाकण्यात आला. चालक मात्र पूर्वी जेथे झोपत होता तेथेच झोपतो: स्टिअरिंगवर डोके ठेवून, आणि क्लीनर ट्रकखाली चादर पसरून.

राज्यसंस्थेने यात काय केले, ते कायद्याच्या शब्दांतच पाहावे. चालकाला सांगताना कायदा म्हणतो, अमुक ठिकाणी वाहन उभे करता कामा नये. ही आज्ञा आहे. वाहने कोठे उभी करावीत याच्या जागा ठरवण्याची गोष्ट ११७ व्या कलमात येते, तेव्हा भाषा मवाळ होते: राज्य सरकार स्थानिक संस्थेच्या विचाराने अशा जागा ठरवू शकेल. कामगारावर सक्ती आणि सरकारला मुभा! हजारो कोटी रुपये खर्चून महामार्ग बांधायचे, टोलनाके आधी उभारायचे आणि माणसाने लघवीला कोठे थांबावे याचा विचार उद्घाटनानंतर करायचा, ही आपली नियोजनाची पद्धत. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये वाहतुकीला खुला झाला तेव्हा विश्रांतिस्थळांची कामे पुरी झालेली नव्हती.

याच महामार्गावर १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ जे घडले, त्यात आमच्या प्रश्नाची सारी गुंतागुंत एकवटली आहे. बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्याचे दर्शन घेऊन नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची छोटी बस एका ट्रकवर मागून आदळली. बारा माणसे मेली, वीसहून अधिक जखमी झाली. मागून आदळला तो दोषी, हा पानवाल्याचा निवाडा लावला तर प्रकरण बसच्या चालकापाशी संपले असते. परंतु परिवहन खात्याच्या दोन अधिकाऱ्यांनी तो ट्रक द्रुतगती मार्गावरच थांबवला होता, असा आरोप पुढे आला आणि पोलिसांनी ट्रकचालकाबरोबर त्या दोघांनाही अटक केली. आरोपाचा निर्णय न्यायालय करील. पण ज्या प्रश्नाला वर्षानुवर्षे एकच चेहरा होता, त्याला त्या रात्री तीन चेहरे आले: जो धावत होता तो, जो उभा होता तो, आणि ज्याने उभे केले असे म्हटले जाते ती सत्ता. महामार्गांवर मालवाहू गाड्या अडवण्यामागे काय काय हेतू असतात हे प्रत्येक ट्रकचालक जाणतो. आम्ही ते नव्याने सांगण्याची गरज नाही.

सर्वांत जवळचे आणि म्हणून सर्वांत दुर्लक्षित उदाहरण पश्चिम महाराष्ट्रातले आहे. गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांतील रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. एकामागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली उसाची वाढी, मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी असलीच तर चिखलाने माखलेली. काट्यावर नंबर लागेपर्यंत तासन्‌तास ही वाहने रस्त्याच्या कडेला, कधी अर्ध्या रस्त्यावर, उभी असतात. रात्रपाळी संपवून दुचाकीवर घरी निघालेला कामगार त्यांवर आदळतो आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात चार ओळी येतात. त्यात ट्रॉलीच्या चालकावर गुन्हा दाखल झाल्याचे लिहिलेले असते. कारखान्याच्या आवारात वाहनांना पुरेसा तळ का नाही, गाळपाच्या क्षमतेपेक्षा जास्त वाहने एकाच वेळी का बोलावली गेली, तोडणी-वाहतुकीचा करार करणाऱ्या कारखान्याने ट्रॉलीला दिवे बसवण्याची अट का घातली नाही, हे त्या चार ओळींत येत नाही. कारखाने सहकारी आहेत आणि त्यांचे अध्यक्ष आमदार, खासदार, मंत्री होतात. तेव्हा येणारही नाही. काही कारखाने हंगामाच्या आरंभी परावर्तक वाटण्याचा समारंभ करतात, छायाचित्रे छापून आणतात. तेवढेही बरेच, असे म्हणण्याची पाळी आली आहे.

शहरात प्रश्नाचे रूप पालटते. तेथे उभी गाडी ही बहुधा कोणाच्या तरी दाराशी, सार्वजनिक रस्त्यावर, फुकट ठेवलेली खासगी मोटार असते. तिला धक्का लागतो तो रिक्षाचा, हातगाडीचा, सायकलवरून सामान पोचवणाऱ्या पोराचा. मग जो निवाडा होतो तो कोणत्याही न्यायालयात होत नाही. मोटारीचा मालक खाली येतो, चार माणसे जमतात, रिक्षाची किल्ली काढून घेतली जाते, आणि रंगाच्या एका ओरखड्यासाठी रिक्षावाल्याची आठवड्याची कमाई जागेवर वसूल होते. कोणी म्हणत नाही की, साहेब, तुमची गाडी वळणावर उभी होती. कोणी म्हणत नाही की, रिक्षाला सक्तीचा विमा आहे आणि दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच तो आहे. खरी गोम अशी आहे की, त्या विम्यातून मालमत्तेची भरपाई घ्यायची तर पोलिसात नोंद आणि न्यायाधिकरणात दावा करावा लागतो. मोटारवाल्याला तेवढी सवड नसते. म्हणून ज्याने हप्ता भरला आहे त्याच्याच खिशातून पुन्हा पैसे काढले जातात. उलट प्रसंग आला तर काय होते? मोटारीने उभ्या हातगाडीचा चुराडा केला, तर गाडी तेथे उभी राहण्याचा परवाना होता का, हा पहिला प्रश्न विचारला जातो. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने फेरीवाल्यांची पाहणी, नोंदणी आणि त्यांच्यासाठी क्षेत्रे ठरवण्याची जबाबदारी नगरपालिकांवर टाकली आहे; दशकानंतरही ती अनेक ठिकाणी अर्धवट आहे. दिवसभर बारा चौरस मीटर रस्ता अडवून बसलेल्या मोटारीला परवाना कोणी विचारत नाही. चार फुटांच्या हातगाडीवर एका कुटुंबाचे पोट चालते, तिला मात्र दर तासाला विचारतात. हातगाडी हे मोटार वाहन नसले तरी तिचा मालक त्रयस्थ म्हणून मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे आपल्या नुकसानीचा दावा करू शकतो, हे आपल्या कार्यकर्त्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते.

दोष शोधण्याच्या या साऱ्या खटाटोपाबद्दल समाजवाद्यांची एक मूळची शंका आहे. दोष सिद्ध झाला तरच भरपाई, या व्यवस्थेत पाय गमावलेल्या माणसाला भाकरी मिळणे न मिळणे साक्षीदाराच्या आठवणीवर अवलंबून राहते. न्यूझीलंडने १९६७ च्या वुडहाउस अहवालानंतर हा मार्गच सोडला. १९७२ साली कायदा केला आणि १ एप्रिल १९७४ पासून अपघातातील शारीरिक इजेची भरपाई, दोष कोणाचाही असो, सामाजिक निधीतून देण्यास आरंभ केला. आपल्याकडे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निष्काळजीपणा सिद्ध केल्याखेरीज भरपाई नाही असे सांगितले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासारख्यांनी त्या स्थितीविरुद्ध आवाज उठवला, विधी आयोगाने शिफारस केली, आणि १९८२ च्या दुरुस्तीने मृत्यूला १५,००० रुपये दोषनिरपेक्ष भरपाई कायद्यात आली. पुढे ती वाढत २०१९ च्या दुरुस्तीने, १६४ व्या कलमान्वये, मृत्यूला ५ लाख व गंभीर इजेला अडीच लाख झाली.

उभ्या वाहनाच्या बाबतीत ही तरतूद लागू होते की नाही, याचा निर्णय महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात झाला. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे तीनच्या सुमारास सातारा जिल्ह्यातील कवठे गावाजवळ पेट्रोलच्या टँकरची ट्रकशी टक्कर होऊन टँकर रस्त्याच्या बाजूला कलंडला. पेट्रोल गळत राहिले. सुमारे चार तासांनी स्फोट झाला आणि जमलेल्या गावकऱ्यांपैकी अनेक जण होरपळून मेले. टँकर तर केव्हाचा निपचित पडला होता, तो 'वापरात' नव्हता, सबब विमा लागू नाही, असा बचाव सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेण्यात आला; टँकरच्या बाजूने एका मृत मुलाच्या आईशी १५,००० रुपयांसाठी हा वाद घातला गेला. १९९१ साली न्यायालयाने सांगितले की, उभे वा निकामी पडलेले वाहनही कायद्याच्या अर्थाने वापरातच असते. या निकालामुळे उभ्या ट्रकवर वा ट्रॉलीवर आदळून मेलेल्या दुचाकीस्वाराच्या कुटुंबाला, दोषाच्या वादात न शिरता, त्या वाहनाच्या विम्याकडे दोषनिरपेक्ष भरपाई मागण्याचा आधार मिळाला आहे.

दंड वाढवून रस्ते सुरक्षित होतील, अशी सरकारची समजूत आहे. रस्त्यात अडथळा करणाऱ्याला जुन्या दंड संहितेत २०० रुपये दंड होता, नव्या न्याय संहितेत तो ५,००० झाला. अपघात करून न कळवता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा सांगणारे कलम आणले गेले, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभरच्या चालकांनी चाके थांबवली आणि सरकारने ते कलम लागू करणे पुढे ढकलले. पळून जाणे वाईटच. पण जमाव आपल्याला जिवंत सोडणार नाही ही भीती ज्याला आहे त्याने थांबावे कसे, याचे उत्तर दहा वर्षांच्या धाकात नाही. धडक देणारे वाहन सापडलेच नाही तर मृताच्या वारसांना सरकारी योजनेतून मिळतात २ लाख रुपये. २०२२ पूर्वी ते २५,००० होते. वाहन सापडले तर निदान पाच लाख, सापडले नाही तर दोन. मृत्यू तोच, भूक तीच. पोलिसांना वाहन शोधता आले नाही याचा दंड विधवेने भरायचा, असा या फरकाचा अर्थ होतो. दोन्ही रकमा समान करा, ही मागणी तरी खर्चाचे कारण सांगून टाळण्याजोगी नाही.

येत्या हंगामापूर्वी ऊस पट्ट्यातील आपल्या शाखांनी तीन कामे हाती घ्यावीत. कारखान्याकडे लेखी मागणी करावी, की आवारात वाहनतळ असल्याशिवाय आणि प्रत्येक ट्रॉलीला मागचा दिवा व परावर्तक असल्याशिवाय वाहतुकीचा करार होऊ नये, आणि दिव्यांचा खर्च वाहतूकदाराच्या बिलातून कापला जाऊ नये. अपघात झाला की त्याच रात्री उभ्या वाहनाची जागा, दिवे आणि रस्त्याची रुंदी यांची छायाचित्रे घ्यावीत व पंचनाम्यात या गोष्टी लिहवून घ्याव्यात. ट्रॉली सकाळी हलवली गेली की पुरावाही हलतो. आणि वारसांना घेऊन न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत जावे. २०१९ च्या दुरुस्तीने ही मुदत पुन्हा घातली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्याच्या भरवशावर कोणाही कुटुंबाला थांबवून ठेवू नये.